पडद्यावरचे पलंग

माझ्या धंद्याला मराठीत नाव नाही आणि इंग्रजीत जे आहे ते मी घरीसुद्धा समजावून सांगू शकलेलो नाही. करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये मी 'ते कॉम्प्युटरचे परब' आहे. म्हणजे कोणाचा प्रिंटर अडकला किंवा कोणाच्या नातवाचा गेम उघडेना, की मला लिफ्टमध्ये गाठायचं. मी नाही म्हणत नाही. पण ज्या कामावर माझं घर चाललं, आणि निवृत्तीनंतरही जे अधूनमधून माझ्याकडे येतं, ते काम निराळं आहे. मी माणसांना एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवतो. माणसं खुर्चीतून हलतही नाहीत. बहुतेकांना काही झालं हेच कळत नाही. कळलं, तर काम बिघडलं असं समजायचं.

जमेल तेवढं सोपं करून सांगतो. मोठ्या कचेरीत एक मुख्य संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. कचेरीतल्या सगळ्यांची नावं आणि पासवर्ड त्याच्या ताब्यात. तुम्ही सकाळी टेबलाशी बसून नाव टाकलंत की समोरचं यंत्र सर्व्हरला विचारतं, हा माणूस आपला का? सर्व्हर हो म्हणाला की दार उघडतं. ह्या सगळ्या गोतावळ्याला डोमेन म्हणतात. पुढे कचेरी लहान होते, भागीदार भांडतात, सर्व्हर म्हातारा होतो, आणि मालक म्हणतात, हे लटांबर आता पुरे, ज्याचं यंत्र त्याला ओळखू दे. तेव्हा मला बोलावणं येतं.

ह्यात अवघड काय, असं प्रत्येक मालक विचारतो. अवघड हे की यंत्र माणसाला नावाने ओळखतच नाही. ते प्रत्येकाला आतल्या आत एक लांबलचक क्रमांक देतं आणि तो क्रमांक म्हणजेच तो माणूस. सर्व्हरकडून आलेल्या सुमनचा क्रमांक वेगळा आणि यंत्राने स्वतः नोंदवून घेतलेल्या सुमनचा वेगळा. खुर्ची तीच, पासवर्ड तोच, बाईसुद्धा तीच, पण यंत्राच्या लेखी ह्या दोन परक्या बायका. पहिलीचं सामान एका खोलीत कुलूपबंद राहतं: तिच्या फायली, पडद्यामागचं चित्र, कुठली वस्तू पडद्यावर कुठे ठेवली ती मांडणी. दुसरीला नवी कोरी खोली मिळते, भिंती पांढऱ्या. ह्या खोलीला प्रोफाइल म्हणतात. जुन्या खोलीचं कुलूप बदलून ती नव्या क्रमांकाच्या हवाली करायची, एवढंच माझं काम. नाव काढून घेतलं तर माणूस कोण उरतो, ह्यावरची बरीच जाड पुस्तकं मी दादरच्या वाचनालयातून आणून वाचली. एकाही लेखकाला कुलूप बदलायची वेळ आलेली दिसली नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. गिरगावात एक वृद्ध वकील होते. त्यांचं स्थलांतर मी इतकं स्वच्छ केलं होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. "परब, सगळं आहे, पण हा मला ओळखत नाही." मी जाऊन पाहिलं तर तक्रार अशी, की पूर्वी दोन अक्षरं टाकली की उरलेला पत्ता यंत्र आपणहून भरायचं, आता पूर्ण टाकावा लागत होता. मी म्हटलं, चार दिवसांत शिकेल. ते म्हणाले, "चार दिवस मी कोण असेन?" मी पिशवी उचलली.

दादरला एका क्लासचे संचालक होते. डोमेनमध्ये त्यांच्या नावापुढे 'डायरेक्टर' असं लिहिलेलं यायचं. नव्या व्यवस्थेत यंत्रावर दोनच नावं दिसायला लागली, त्यांचं आणि शिपायाचं, आणि अक्षरांच्या क्रमाने शिपाई वर. ते मला म्हणाले, "हे शिस्तीला धरून नाही." मी शिपायाच्या नावाआधी एक झेड घातला आणि शिस्त परत आणली. शिपाई पुढे कित्येक महिने स्वतःला त्याच नावाने हाक मारून घेत होता.

पण ज्या कामाबद्दल मला लिहायचं आहे ते परळच्या एका धर्मशाळेतलं. त्या कामात कोणाचं काय चुकलं हे मला अजून उलगडलेलं नाही.

परळच्या हॉस्पिटलांत बाहेरगावचे लोक दीर्घ उपचारांसाठी येतात. त्यांची राहायची सोय करणाऱ्या जुन्या धर्मशाळांपैकी ही एक. एक लांबट हॉल, दोन्ही भिंतींना पलंगांच्या रांगा. पेशंट पलंगावर आणि सोबतचं माणूस खाली चटईवर. मागे सामायिक स्वयंपाकघर, तिथे एका लांब फळीवर प्रत्येकाचा कुकर. पुढे ऑफिस, आणि ऑफिसात व्यवस्थापिका सुमनताई. त्या नायगावच्या. कामाला लागल्या तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकांवर देखरेख करायच्या, आता सगळ्यांवरच करतात. मोठ्याने बोलणं, पटकन रागावणं आणि राग गेला की चहा पाजणं, ही त्यांची पद्धत.

ह्या धर्मशाळेला एके काळी एका उद्योगपतींनी वडिलांच्या स्मरणार्थ सर्व्हर दिला होता. एवढ्याशा ऑफिसला सर्व्हरची गरज काय, हे कोणी विचारलं नाही, कारण तो फुकट होता. हॉलच्या टोकाला, बाथरूमच्या अलीकडे, काचेच्या दाराची वातानुकूलित खोली बांधली. फीत कापली. भिंतीत संगमरवरी फरशी बसवली, तिच्यावर वडिलांचं नाव, नानासाहेब. डोमेनलाही तेच नाव दिलं. त्यामुळे ऑफिसातली माणसं रोज सकाळी आधी नानासाहेब, मग एक तिरपी रेघ, मग स्वतःचं नाव असं टाइप करून कामाला लागायची. खरं तर नुसतं स्वतःचं नाव टाकूनही चाललं असतं. मी एकदा प्रिंटरसाठी गेलो असताना तसं सांगितलं, पण कोणाचा विश्वास बसला नाही.

पुढे उद्योगपतींचं आणि विश्वस्तांचं बिनसलं. मुद्दा होता, नव्या कॅलेंडरवर फोटो कोणाचा. ते सर्व्हर परत घेऊन गेले. सर्व्हर नेता आला, फरशी नेता आली नाही, ती भिंतीतच राहिली. ऑफिसातली यंत्रं मात्र चालूच होती. सर्व्हर दिसेनासा झाला तरी यंत्रं काही काळ आठवणीवर काढतात, शेवटचं जे सांगितलं होतं ते खरं धरून. त्यामुळे सगळ्यांचा समज झाला की सर्व्हरची गरज कधी नव्हतीच. हे खरं होतं, पण ज्या कारणाने त्यांना वाटत होतं त्या कारणाने नव्हे.

चिटणीस कर्णिक यांनी ठरवलं की आता संस्थेचं 'संगणकीय स्वावलंबन' साजरं करायचं. कर्णिक सज्जन गृहस्थ. सभेत बोलताना ते 'आपण' म्हणतात आणि काम इतरांना सांगतात. प्रमुख पाहुणे ठरले, फलक छापायला गेला. सर्व्हरच्या रिकाम्या खोलीत सोफा टाकून तिचा 'मान्यवर कक्ष' करायचं ठरलं. पाहुणे सुमनताईंच्या टेबलावर बटण दाबणार, म्हणून त्यांच्या चौकोनी जुन्या पडद्याच्या जागी ऐसपैस नवा पडदा आणला. आणि कर्णिकांच्या ओळखीतल्या एका हुशार माणसाने सगळी यंत्रं डोमेनमधून काढून प्रत्येकाचं नवं खातं उघडलं. नावं तीच, पासवर्ड तेच.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी सुमनताईंचा फोन आला.

"परबभाऊ, माझे पलंग गेले."

"चोरी झाली?"

"हॉलमध्ये आहेत. माझे गेले. तुम्ही या."

मी गेलो तेव्हा त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोर भला मोठा निळा पडदा, त्याच्यावर एका कोपऱ्यात दोन-तीन चिन्हं. कर्णिक शेजारी उभे होते.

"नाव तेच आहे, पासवर्ड तोच आहे," कर्णिक म्हणाले. "मग अडचण कुठे येते, परब?"

मी क्रमांकाची गोष्ट सांगितली. कर्णिकांनी मान डोलावली. सुमनताईंनी डोलावली नाही.

"म्हणजे मी मी नाही?"

"तुम्ही तुम्हीच. यंत्राला वाटतं तुम्ही दुसऱ्या."

"आणि पहिली कुठे आहे?"

"आतच आहे. कुलूप आहे."

"मग काढा तिला बाहेर."

काम मी सवयीप्रमाणे केलं. आधी जुन्या खोलीची जशीच्या तशी नक्कल बाजूला काढून ठेवली, मग कुलपं बदलली आणि यंत्राला सांगितलं की ही नवी सुमन म्हणजेच ती खोलीवाली. यंत्राने पुष्कळ वेळ घेतला. मग पडदा उजळला आणि पिवळी फोल्डरं दिसली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, नीट रांगांमध्ये. मी मोजून पाहिली. एकही कमी नव्हतं. मी चहाची वाट बघत मागे टेकलो.

"आलं सगळं," मी म्हटलं.

सुमनताई पडद्याकडे बघत राहिल्या. "हे माझं नाही."

"फायली तुमच्याच आहेत, ताई."

"फायली माझ्या आहेत. हे माझं नाही."

मला वकील आठवले. मी समजूत घालायच्या तयारीत होतो. पण त्यांनी पडद्याच्या मागच्या चित्राकडे बोट केलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. पट्टी लावून कागदावर काढलेला हॉलचा नकाशा होता. दोन रांगांत आयत, मध्ये वाट, टोकाला बाथरूम. नव्या पडद्यावर तो ताणून पसरट झाला होता, पलंग दुहेरी वाटत होते.

"एकेक फोल्डर म्हणजे एकेक पेशंट," त्या म्हणाल्या. "फोल्डरला नाव नाही, हॉस्पिटलचा केस नंबर आहे. कोणी येऊन डोकावलं तर नावं दिसायला नकोत म्हणून. जो पेशंट ज्या पलंगावर, त्याचं फोल्डर मी त्या चौकोनात ठेवते. पलंग बदलला की फोल्डर उचलून तिकडे."

"बरं. मग हॉलमध्ये जाऊन बघू कोण कुठे आहे. पुन्हा लावून टाकू."

"असलेले दिसतील. नसलेले?"

इथे मला धर्मशाळेची एक रीत समजावून घ्यावी लागली. उपचार सलग नसतात. एक फेरी झाली की पेशंट तीन-चार आठवडे गावी जातो, मग परत येतो. एवढे दिवस पलंग रिकामा ठेवला तर बाहेर फुटपाथवर थांबलेल्यांचं काय? म्हणून पलंग उसना देतात. मूळ माणूस आला की उसन्याने उठायचं. उठणाऱ्याची दुसरी सोय बघायची जबाबदारी सुमनताईंची. हा सगळा व्यवहार तोंडी. आणि पडद्यावर त्याची खूण अशी, की उसन्याचं फोल्डर वर आणि मूळ माणसाचं त्याच्याखाली, किंचित डोकं बाहेर काढून.

"आता सगळी सुटी सुटी रांगेत उभी आहेत," त्या म्हणाल्या. "कोण कोणाच्या खाली होतं?"

"तुम्हाला आठवत असेल ना?"

"मला आठवायचं असतं तर मी पडद्यावर कशाला ठेवलं असतं?"

कर्णिक म्हणाले, "हे सगळं व्यवस्थित तक्त्यात असायला हवं होतं." ते बरोबर होतं आणि त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. कणकवलीकडच्या एका गावचे गोविंदराव घाडी बोलत होते. बायको सुलोचनाबाई पेशंट, दोघं पुढच्या फेरीसाठी येत होती. गाडीने पनवेल सोडलं होतं. फोनवरचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, बाथरूमकडचो पलंग असा मा? हिका चलाक जमना नाय आता."

"या तुम्ही," ताई म्हणाल्या. "तुमचा पलंग आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ते जाताना पण मी असंच म्हणाले होते. पलंग तुमचा आहे म्हणून. त्याच्यावर आता कोण आहे, उसना की कायमचा, देवाला ठाऊक. आणि मी देव मानत नाही."

त्या हॉलमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण ऑफिसात कर्णिक फलकावर 'स्वावलंबन' मोठ्या अक्षरांत हवं की आणखी मोठ्या, हे मला विचारत होते. सुमनताई पलंगापलंगाशी थांबून एकच प्रश्न विचारत होत्या. "तुम्ही उसने का कायमचे?"

नांदेडकडचे एक मास्तर म्हणाले, कायमचे. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, आम्ही पण. पलीकडच्या तरुण मुलाच्या आईने तर आधी मास्तरांकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "कायमचेच धरा." बाथरूमजवळच्या पलंगावर कराडकडचे एक म्हातारे झोपले होते. त्यांचा मुलगा साळुंखे खाली चटईवर बसून सफरचंद कापत होता.

"उसने का कायमचे?"

"कायमचं हाय आमचं म्हातारं. लिहून देऊ का?"

"नक्की?"

"ताई, तुम्हीच दिला की पलंग. आता मलाच इचारताय व्हय?"

त्या दुपारी त्या हॉलमध्ये कोणीच उसनं नव्हतं. सुमनताई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. रागवावं तर कोणावर, हे त्यांना कळत नव्हतं. खोटं कोण बोलतंय हे शोधून काढावं, असं मलाही वाटेना. बाहेर फुटपाथ होता आणि हॉलमध्ये पंखा होता, मी त्यांच्या जागी असतो तर मीही कायमचाच असतो.

मी ऑफिसात परत आलो आणि पडद्यासमोर बसलो. माझं काम चोख झालं होतं, आणि ज्यासाठी ते केलं ते उरलं नव्हतं, ह्याचा मेळ बसत नव्हता. खोली उघडली की सामान जिथल्या तिथे असायला हवं. मांडणीही त्या खोलीतच राहते, कुठेतरी आत, आकड्यांच्या रूपात. मग ही चिन्हं कवायतीला उभी केल्यासारखी का? मी नकाशातल्या पसरट पलंगांकडे बघत होतो आणि मग लक्षात आलं. पडदा. मांडणीचे आकडे जुन्या चौकोनी पडद्याच्या मापाचे होते. यंत्राने नवा पडदा पाहिला, आकडे जुळेनात, आणि त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे सगळ्यांना रांगेत लावलं. यंत्राने व्यवस्थितपणा केला होता.

"जुना पडदा कुठे आहे?"

"भंगारात द्यायचाय," कर्णिक म्हणाले. "मान्यवर कक्षात असेल."

मान्यवर कक्षात नवा सोफा प्लॅस्टिकच्या आवरणासह उभा होता, त्याच्यामागे नानासाहेबांच्या फरशीखाली पडदा सापडला. मी तो आणून जोडला. पण यंत्राने एव्हाना नवी रांग हीच खरी म्हणून लिहून घेतली असणार, म्हणून बाजूला काढून ठेवलेली नक्कल परत आत घातली. मी जोडणी करत असताना सुमनताई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. कर्णिकांनी विचारलं, "पाहुण्यांनी मग ह्या जुन्या पडद्यावर बटण दाबायचं?" मी यंत्र चालू केलं.

पडदा उजळला. नकाशा पुन्हा चौकोनी, आणि पिवळी फोल्डरं आपापल्या पलंगांवर. काही एकटी, काही दुसऱ्याच्या अंगाखालून डोकावणारी. मास्तरांच्या फोल्डरखाली एक होतं. म्हणजे मास्तर उसने. तरुण मुलाच्या खाली दोन होती. ह्या कामात मला क्वचित आनंद होतो, तेव्हा झाला.

"बाथरूमकडचा बघा," मी म्हटलं.

बाथरूमजवळच्या चौकोनात एकच फोल्डर होतं. ताईंनी त्याच्यावर बोट ठेवून नंबर वाचला. साळुंख्यांच्या म्हाताऱ्याचं. त्याच्याखाली काहीच नव्हतं. मी ते बाजूला ओढूनही पाहिलं.

"खरं बोलत होता तो," ताई म्हणाल्या.

"मग घाडींचं कुठे आहे?"

त्यांनी केस नंबर सांगितला. मी तो शोधला. तो उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात होता, नकाशाच्या बाहेर. तिथे आणखी चार-पाच फोल्डरं होती, एकमेकांना चिकटून.

"हा कोपरा कसला?"

सुमनताई खुर्चीवर बसल्या. कर्णिक फलकवाल्याशी फोनवर बोलत बाहेर गेले, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परत येणार नाहीत असं वाटतं ते तिथे ठेवते. फाइल काढून टाकवत नाही, आणि पलंगावर तर ठेवता येत नाही."

"डॉक्टर सांगतात तुम्हाला?"

"डॉक्टर मला कशाला सांगतील? मी कुकरवरून ओळखते."

परत येणारी माणसं कुकर फळीवर ठेवून जातात, असा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. एवढं ओझं गाडीत कोण नेणार? जो कुकर घेऊन जातो त्याने मनातून इथलं बिऱ्हाड हलवलेलं असतं. तोंडाने तो येतो म्हणतो, आणि ताई तोंडाने या म्हणतात. घाडींनी जाताना कुकर नेला होता. ताईंनी त्यांना सांगितलं, पलंग तुमचा आहे. आणि आत येऊन फोल्डर कोपऱ्यात ठेवलं.

"पण फोन आला तेव्हा..."

"तेव्हा मला वाटलं मी तसं केलं नसेल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत घाडी आले. गोविंदरावांच्या एका हाताला सुलोचनाबाई आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून कुकर डोकावत होता. सुलोचनाबाई दारातल्या बाकावर बसल्या आणि धाप लागली तरी हसल्या. सुमनताई कुकरकडे बघत होत्या.

"हा घेऊन गेला होतात तो?"

"होय तर. मूठ ढिली झाली व्हती. बसवन हाडली." गोविंदरावांनी गावच्या दुकानात बसवून आणलेली मूठ हलवून दाखवली. ती हलली नाही.

मीही मूळचा तिकडचाच, म्हणून मालवणीत विचारलं, "मुंबयत मूठ बसवणारे नाय गावले?"

"गावतत. पण जेच्याकडसून घेतलंव तेणाच बसवक व्हयी. नायतर तो काय म्हणात?"

आता प्रश्न उघडा होता. साळुंखे खरे होते, ताईंचा शब्दही खरा होता, आणि बाथरूमकडचा पलंग एकच. मास्तरांना उठवून सुलोचनाबाईंना तिथे घालता आलं असतं, पण तो पलंग दुसऱ्या टोकाला, आणि त्यांना बाकापर्यंत आल्यावरच घाम फुटला होता. शिवाय मास्तर ज्यांचे उसने होते तेही येणारच होते. सुमनताई एकदा हॉलकडे, एकदा पडद्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि काचेच्या दाराकडे गेल्या.

"परबभाऊ, सोफ्याचं एक टोक धरा."

कर्णिक धावत आले. "सुमनताई, हा मान्यवर कक्ष आहे. उद्या पाहुणे येणार आहेत."

"पाहुणे आले, कर्णिकसाहेब," त्या म्हणाल्या. "पलंगाला जागा होईल का, एवढं बघून सांगा."

जागा झाली. सोफा भिंतीला उभा केला. साळुंखे आपणहून आला आणि गोदामातला सुटा पलंग त्याने एकट्याने उचलून आणला. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. तो म्हणाला, "कायमचं म्हटलं म्हणजे काय माणुसकी सोडली असं नव्हं." खोली बाथरूमला लागूनच होती, वर एसी. नानासाहेबांच्या नावाखाली सुलोचनाबाईंना झोपवलं. त्यांनी फरशीकडे पाहून विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "पूर्वी सगळ्यांना तेच ओळखायचे."

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. पाहुण्यांनी जुन्या पडद्यावर बटण दाबलं, टाळ्या पडल्या. भाषणात त्यांनी तंत्रज्ञानाने माणूस माणसाच्या जवळ येतो असं सांगितलं. मग विश्रांतीसाठी काचेचं दार उघडलं, आत एक बाई झोपलेली आणि उभ्या सोफ्यावर टांगलेली साडी पाहून त्यांनी नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. नवा मोठा पडदा ऑफिसच्या भिंतीवर गेला. त्याच्यावर दिवसभर संस्थेचं बोधचिन्ह फिरत असतं.

पाहुणे गेल्यावर सुमनताईंनी मला टेबलाशी बोलावलं. घाडींचं फोल्डर अजून त्या कोपऱ्यातच होतं. नकाशात सर्व्हरची खोली काढलेलीच नव्हती, त्यामुळे ते ठेवायचं कुठे हा पेच होता. शेवटी त्यांनी ते बाथरूमच्या चौकोनाशेजारी, रेघेवरच ठेवलं. मग कोपऱ्यातली बाकीची एकेक करून खाली आणली आणि तळाला, जिथे त्या पलंगाची वाट बघत थांबलेल्यांना ठेवतात, तिथे लावली.

"हा कोपरा काढून टाकता येतो का?" त्यांनी विचारलं.

"पडद्याला कोपरे असणारच, ताई."

"मग त्याच्यावर काहीतरी ठेवा. मला तिथे काही ठेवता यायला नको."

मी थोडा विचार केला. पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी असते, तिच्यावर उघडलेली कामं आणि घड्याळ दिसतं. ती मी धरून उजव्या कडेला उभी लावली. कोपरा तिच्याखाली गेला. काम दोन मिनिटांचं, आणि माझ्या पेशात शिकवलेल्या कुठल्याही गोष्टीत न बसणारं.

ती पट्टी अजून तिथे उभी आहे. जो येतो तो म्हणतो, हे इथे काय आलंय, आणि नीट करायला जातो. सुमनताई म्हणतात, असू दे. कर्णिक सध्या माझ्यामागे लागले आहेत की यंत्रात नवी आवृत्ती घाला. नव्या आवृत्तीत ही पट्टी कडेला नेता येत नाही. मी त्यांना सांगतो, यंत्र जुनं आहे, झेपणार नाही. ते झेपेल हे मला माहीत आहे.

सुलोचनाबाई त्या फेरीनंतर गावी गेल्या. पुढे आल्या का, हे मी विचारलेलं नाही. पूर्वी नुसतं पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. मागच्या महिन्यात प्रिंटरसाठी गेलो होतो तेव्हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात डोकावलो. फळीवर कुकरांच्या रांगेत एक होता, त्याची मूठ बाकीच्यांपेक्षा नवी आणि घट्ट. तो ठेवून गेले म्हणजे येणार आहेत, की आता न्यायला कोणी उरलं नाही, मला काही ठरवता येईना. सुमनताई दारात उभ्या होत्या. मी कुकरकडे बघून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "कुकरवरून मी आता काही ठरवत नाही."